आईला घेऊन तवांगला जावं का?

प्रश्न : ताई, ऑक्टोबरमध्ये अरुणाचलमधल्या तवांगचा प्लॅन आहे, सोबत आई (वय ६६) असेल. गुवाहाटीहून डायरेक्ट एका दमात गाठावं का? आणि पुढची बुमला खिंड तिला झेपेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : एका दमात नकोच! रस्ता सगळा घाटाचा, आणि तवांग साधारण दहा हजार फुटांवर, त्यामुळे मधे दिरांगला मुक्काम कराच, ते बरंच खाली आहे म्हणजे शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. वाटेतल्या सेला खिंडीखालचा बोगदा २०२४ मध्ये सुरू झालाय, पण बोगद्यातूनच गेलात तर वरचा सेला तलाव राहून जातो, तेव्हा हवा चांगली असेल तर वरच्या रस्त्याने न्यायला ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा. पुढे जंगजवळ नुरानांग धबधबा आहे, तिथे घाई करू नका, माझ्या मते अख्ख्या ट्रिपमधली बेस्ट जागा तीच.

बुमला म्हणजे चीनची बॉर्डर, पंधरा हजार फुटांच्या वर. आईंना बीपी, दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. त्याच बाजूचं सांगेत्सर सरोवर पण उंचावरच आहे, १९५० च्या भूकंपात तयार झालेलं, पाण्यात अजून वाळलेली झाडं उभी दिसतात. आपल्या माधुरी दीक्षितचं शूटिंग झालं म्हणून सगळे त्याला माधुरी लेकच म्हणतात. आई हॉटेलवर थांबणार असतील तर गावातला सतराव्या शतकातला मठ त्यांना आरामात दाखवता येईल.

अरुणाचलसाठी इनर लाइन परमिट (बाहेरच्या राज्यातल्यांना लागणारा प्रवेश परवाना) ऑनलाइन काढा, बुमलाची परवानगी वेगळी, ती तवांगला मिळते. ओळखपत्राच्या झेरॉक्स आणि कॅश भरपूर ठेवा.