‘क्रिंज’ म्हणजे नेमके काय आणि तो शब्द कुठे वापरावा?

दुसऱ्याचे वागणे पाहून आपल्यालाच अंग चोरावेसे वाटले, की हल्लीची मुले त्या वागण्याला ‘क्रिंज’ म्हणतात. ‘पोपट होणे’ म्हणजे हेच का, असेही आपण विचारले आहे; पण तो प्रकार वेगळा, कारण पोपट ज्याचा होतो त्याचीच फजिती असते; क्रिंजमध्ये करणारा खुशीत असतो आणि कानकोंडा होतो तो पाहणारा. मूळ इंग्रजी क्रियापदही भीतीने किंवा शरमेने आक्रसण्याचेच आहे.

मला हा शब्द गेल्या चतुर्थीला कळला. मालवणजवळच्या आमच्या घरी माटवीला, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या लाकडी चौकटीला, तवशी आणि कवंडळे ही फळे बांधून झाली, आरती झाली आणि मी गाऱ्हाणे घालायला उभा राहिलो. “बा देवा म्हाराजा, जी पोरां पोटासाठी मुंबयक गेलेली आसत, तेंची राखण कर रे म्हाराजा!” मागून वाडीतल्या मंडळींचे “व्हय म्हाराजा!” घुमले. मुंबईहून आलेल्या पुतणीने ते सारे मोबाइलवर टिपले, खाली ‘क्रिंज’ एवढेच लिहिले आणि मैत्रिणींऐवजी चुकून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवले. अर्थ मी तिलाच विचारला. सांगताना ती मोदकाची पाकळी नखाने सोलत बसली होती.

तिला मी दोष देत नाही. माझे थोरले बंधू डोंबिवलीच्या घरात मालवणी बोलू देत नाहीत, कारण ‘चारचौघांत बरे दिसत नाही’. म्हणजे शब्द मुलीने आणला असला तरी भावना वडिलांचीच आहे. मराठीत त्यासाठी ‘ओशाळवाणे’ हा नेमका शब्द आहे, पण तो उच्चारला की ओशाळले कोण, हा प्रश्न येतो. क्रिंज म्हटले की दोष समोरच्याच्या माथी मारून मोकळे होता येते.

तेव्हा स्वतःच्या कॉलेजातल्या कवितांना आणि तारकर्लीच्या पाण्यात भिजत काढलेल्या प्री-वेडिंग व्हिडिओंना हा शब्द खुशाल लावावा, घरच्या माणसाच्या बोलीला मात्र लावू नये. अर्थात माझे गाऱ्हाणे त्या दिवशी लांबले होते आणि मोदक निवले होते, हेही खरे.

यंदा गाऱ्हाणे दादानेच घालावे, असे मी त्याला फोनवर कळवले आहे. मागे उभा राहून ‘व्हय म्हाराजा’ मी म्हणेन. अजून त्याचे उत्तर आलेले नाही.