वाचक विचारतात : यंत्र दूर, फ्लो सायटोमेट्री ऑनलाइन

मल्टिकलर फ्लो सायटोमेट्री म्हणजे पेशींना रंगीत अँटिबॉडी लावून, लेझरसमोरून एकेक नेत त्या ओळखणं आणि मोजणं. ती ऑनलाइन शिकणाऱ्या कोकणातल्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आमच्याकडे फ्लो सायटोमीटर नाही. पीएचडीसाठी १० रंगांचं टी-सेल पॅनेल (एकत्र लावायच्या रंगीत अँटिबॉडींचा संच) करायचं आहे. ऑनलाइन कोर्स बरेच दिसतात, कुठला घ्यावा? यंत्राला हात न लावता हे शिकता येतं का? — संशोधक विद्यार्थिनी, चिपळूण

उत्तर : बरंचसं येतं. पॅनेल बांधणं, कंट्रोल (तुलनेच्या नळ्या) ठरवणं, गेटिंग (आलेखावर हवा तो पेशीगट वेगळा काढणं) ही टेबलावर बसून करायची कामं आहेत आणि चुकाही बहुतेक तिथेच होतात. कोर्स निवडताना प्रमाणपत्राचं नंतर बघा. आधी एवढंच विचारा की कच्च्या एफसीएस फाइल (यंत्रातून निघणारी मूळ माहिती) आणि त्यांच्या जोडीला सिंगल स्टेनच्या, म्हणजे एकच रंग लावलेल्या नमुन्याच्या, फाइल मिळणार का? तयार आलेख दाखवून ‘हे बघा सीडी४’ म्हणणाऱ्या कोर्सनं हात बसत नाही.

नेट रडतखडत चालत असेल तरी अडणार नाही. १ लाख पेशी आणि २० पॅरामीटर असलेली फाइल साधारण ८ एमबीची असते, कारण प्रत्येक आकड्याला ४ बाइट लागतात. व्हिडिओपेक्षा ती केव्हाही हलकी. विश्लेषणाला सुरुवातीला पैसे घालू नका. ब्राउझरमध्ये चालणारं फ्लोरिआडा डॉट आयओ (floreada.io) आहे, आर ही प्रोग्रॅमिंग भाषा येत असेल तर तिच्या बायोकंडक्टर संग्रहातलं फ्लोकोअर आहे. आयसॅक या आंतरराष्ट्रीय संस्थेचं ‘सायटो-यू’ हे ऑनलाइन व्यासपीठही पाहून ठेवा.

सराव असा करा. कॉम्पेन्सेशन (एका रंगाचा दुसऱ्यात सांडलेला उजेड वजा करणं) स्वतः काढा. मग मुद्दाम एका रंगाचा सिंगल स्टेन वगळून पुन्हा काढा आणि बिघाड कुठवर पसरतो ते पाहा. पॅनेलसाठी ‘सायटोमेट्री पार्ट ए’ मध्ये २०१० पासून येणारे ‘ओमिप’ लेख (तपासून पाहिलेली पॅनेलं देणारे) घ्या. त्यांत क्लोन (अँटिबॉडीचा नेमका वाण) आणि रंग दोन्ही दिलेले असतात. प्रत्येक रंग तिथेच का, याचं कारण वहीत लिहा. पीई, बीव्ही४२१ असे तेजस्वी रंग पेशीवर कमी असलेल्या मार्करला (पेशी ओळखायच्या खुणेला) द्यायचे, आणि फिके रंग सीडी४, सीडी८, सीडी४५ अशा भरपूर असलेल्यांना. एकाच पेशीवर एकत्र येणाऱ्या दोन मार्करना एकमेकांत सांडणारे रंग देऊ नयेत, हा नियम मात्र वाचून पटतो आणि करताना विसरला जातो.

ऑनलाइन न येणारा भाग म्हणजे पिपेट, सॅम्पल लाइन तुंबणं, शीथमधले (पेशींना वाहून नेणाऱ्या द्रवातले) बुडबुडे. त्यासाठी केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर यंत्र शोधून किमान २ दिवसांची वेळ घ्या. पहिला दिवस फक्त टायट्रेशन आणि सिंगल स्टेनचा. प्रत्येक अँटिबॉडीचं प्रमाण दर नळीला निम्मं करत ६ ते ८ नळ्या लावायच्या. कंपनीनं सांगितलेल्या ५ मायक्रोलिटरपेक्षा कितीतरी कमी पुरतं, असं पुष्कळदा दिसतं. १० रंगांच्या पॅनेलमध्ये ही बचत छोटी नाही.

प्रश्न : सरावाच्या फाइलमध्ये कॉम्पेन्सेशन केल्यावरही पीई-साय७ च्या पेशी पीईमध्ये दिसतात. मॅट्रिक्समधले (कॉम्पेन्सेशनच्या तक्त्यातले) आकडे हातानं थोडे वाढवले तर चित्र नीट दिसतं. चालेल का? — रत्नागिरी

उत्तर : नाही. आलेख देखणा होईल, आकडे खोटे होतील.

पीई-साय७ हा जोडरंग आहे. लेझरचा प्रकाश पीई घेतं, ऊर्जा साय७ ला देतं आणि साय७ लांबच्या तरंगलांबीवर चमकतं. उजेड, उष्णता किंवा फिक्सेशननं (पेशी रसायनानं टिकवण्यानं) ही जोडी तुटली की पीई स्वतःच ५७८ नॅनोमीटरच्या आसपास चमकू लागतं. तुमच्या फाइलमध्ये बहुधा हेच आहे. सिंगल स्टेन ताज्या बाटलीचा आणि नमुना जुन्या बाटलीचा, किंवा नमुना फिक्स केलेला आणि कंट्रोल तसाच ठेवलेला. जोडरंगाचा कंट्रोल त्याच बाटलीतला, तेवढाच वेळ आणि त्याच फिक्सेटिव्हमधून गेलेला हवा.

बाकीच्या अटीही तपासा. कंट्रोल नमुन्याइतका किंवा त्याहून तेजस्वी हवा. त्यातल्या पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह गटांची स्वतःची चमक सारखी हवी, म्हणजे पॉझिटिव्ह बीड्सवरून (पेशींऐवजी वापरायच्या सूक्ष्म मण्यांवरून) आणि निगेटिव्ह पेशींवरून, अशी सरमिसळ नको. पॉझिटिव्ह घटना (मोजलेल्या पेशी किंवा बीड्स) ५,००० तरी घ्या. मृत पेशी दाखवणारा रंग अँटिबॉडी पकडणाऱ्या बीड्सना चिकटत नाही. त्यासाठी थोड्या पेशी ६५ अंशांवर ५ मिनिटं मारून जिवंत पेशींत मिसळतात.

एवढं करूनही पॉझिटिव्ह पेशींचा ढग दुसऱ्या रंगाच्या अक्षावर फुगलेला दिसला तर तो दोष नव्हे. ढगाचा मध्य निगेटिव्हच्या मध्याशी जुळला की कॉम्पेन्सेशन बरोबर आहे. फुगवटा फोटॉन मोजण्यातल्या अनिश्चिततेतून येतो आणि कॉम्पेन्सेशननं जात नाही. अशा वेळी गेट कुठे ओढायचं ते एफएमओ ठरवतो, म्हणजे फक्त तो एक रंग सोडून बाकी सगळे लावलेली नळी.

प्रश्न : लेप्टोस्पायरोसिसच्या रुग्णांचं रक्त इथे घेणार आणि यंत्र मुंबईकडे. नमुना बर्फात नेऊ का? — ओरोस

उत्तर : बर्फ नको. ताजं रक्त १८ ते २५ अंशांवर न्यायचं. कोकणातल्या उन्हात बंद गाडीत तेवढं तापमान राहत नाही, म्हणून खोलीच्या तापमानाचे जेल पॅक घालून थर्मोकोलचा डबा वापरा. नुसती पेशींची ओळख पटवायची असेल तर ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) नळी चालते, २४ तासांत काम उरका. पेशी उत्तेजित करून सायटोकाइन (पेशींनी बनवलेली संदेश-प्रथिनं) बघायचे असतील तर हेपारिनची नळी, कारण ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं. असा प्रयोग प्रवासानंतर करण्यापेक्षा उत्तेजनाची पायरी इथेच उरकलेली बरी.

दुसरा, आणि आमच्या मते सोयीचा, मार्ग म्हणजे रंगवणं आणि फिक्स करणं दोन्ही ओरोसलाच. फक्त क्रम चुकवू नका. १०० मायक्रोलिटर रक्तातल्या तांबड्या पेशी अमोनियम क्लोराइडनं फोडा, १० मिनिटं. मग ३०० जी वर ५ मिनिटं फिरवून साध्या पीबीएसनं (क्षारयुक्त बफर) दोनदा धुवा. त्यानंतर फिक्स होणारा मृतपेशी-रंग. हा रंग थेट रक्तात घातला तर प्लाझ्मातली प्रथिनंच तो संपवतात, म्हणून आधी धुणं. एफसी ब्लॉक (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून), अँटिबॉडी २० मिनिटं अंधारात, पुन्हा धुणं, शेवटी फिक्स करायला १ टक्का पॅराफॉर्मल्डिहाइड. सिंगल स्टेनच्या नळ्याही याच वाटेनं आणि त्याच डब्यात. फिक्स केलेल्या नळ्या मात्र अंधारात ४ अंशांवर, आणि २४ तासांच्या आत यंत्रावर. प्रोपिडियम आयोडाइड (मृत पेशींत शिरणारा रंग) इथे कामाचं नाही, फिक्स केल्यावर सगळ्याच पेशी ते घेतात.

पहिल्या आठवड्यात रक्तात जिवंत लेप्टोस्पायरा असू शकतात. त्यामुळे फिक्स होईपर्यंत बीएसएल-२ (जैवसुरक्षा पातळी २) ची शिस्त, आणि ताजं रक्त नेणार असाल तर यूएन ३३७३ (जैविक नमुन्यांच्या वाहतुकीचा क्रमांक) चं तिहेरी पॅकिंग.

प्रश्न : मी मत्स्यविद्येचा विद्यार्थी. कोर्समध्ये सगळं माणसाचं सीडी-सीडी. कोळंबीच्या हिमोसाइटला (रक्तपेशींना) त्याचा उपयोग काय? — शिरगाव

उत्तर : तुमच्याकडे अँटिबॉडी जवळपास नाहीत, म्हणून पॅनेलचा भाग झरझर पुढे न्या. फॉरवर्ड आणि साइड स्कॅटर (पेशीवरून विखुरणारा प्रकाश), डबलेट (एकमेकींना चिकटलेल्या पेशी) काढणं, कंट्रोल एवढं घट्ट करा. हायलाइन, अर्धकणीदार आणि कणीदार पेशी आकार आणि दाणेदारपणावरच वेगळ्या करायच्या असतात. तांबड्या पेशी नाहीत, त्यामुळे त्या फोडायचीही भानगड नाही.

खरी अडचण गोठण्याची. सुईबाहेर येताच हिमोलिम्फ (कोळंबीचं रक्त) गोठू लागतं, म्हणून सिरिंजमध्ये थंड अँटिकोअॅग्युलंट आधीच भरलेलं हवं. त्यात सोडियम क्लोराइड ०.४५ मोलर, ग्लुकोज ०.१ मोलर, ट्रायसोडियम सायट्रेट ३० मिलिमोलर, सायट्रिक आम्ल २६ मिलिमोलर, ईडीटीए १० मिलिमोलर, पीएच ४.६. खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीचं हिमोलिम्फ आपल्या रक्तापेक्षा बरंच खारट असतं, त्यामुळे माणसासाठीच्या पीबीएसमध्ये टाकल्या की पेशी फुगून फुटतात आणि आलेखाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात नुसता कचरा जमतो. सायबर ग्रीनसोबत (डीएनएला चिकटणारा रंग) प्रोपिडियम आयोडाइड लावलं तर जिवंत-मृत कळतं. हे दोन्ही ४८८ नॅनोमीटरच्या निळ्या लेझरवर चालतात, म्हणजे साधं जुनं यंत्रही पुरे.

प्रश्न : किती पेशी मोजाव्यात? — दापोली

उत्तर : शोधताय त्या पेशी किती विरळ यावर आहे. १० टक्के चूक चालत असेल तर त्या गटातल्या १०० पेशी हव्यात, ५ टक्क्यांसाठी ४००. दहा हजारांत एक असेल तर ४०० मिळवायला ४० लाख पेशी, म्हणजे सेकंदाला २,००० च्या वेगानं अर्ध्या तासाच्या वर एकच नळी. तिच्या एफएमओलाही तेवढ्याच पेशी द्या आणि यंत्राची वेळ आरक्षित करताना हा हिशेब धरा.