इंजिनिअरिंगची पदवी घेतली की कुठल्याही देशात ‘इंजिनिअर’ म्हणून काम करता येतं का?

नाही. देशागणिक नियम बदलतात. ब्रिटनमध्ये ‘इंजिनिअर’ हा शब्द कुणीही वापरू शकतो. राखीव आहे ती ‘चार्टर्ड इंजिनिअर’ ही उपाधी, आणि ती इंजिनिअरिंग कौन्सिलकडे नोंदणी झाल्यावरच लावता येते. जर्मनीत उलट: ‘इंगेनिअर’ हे नावच राज्यांच्या कायद्यांनी राखलेलं आहे. कॅनडात परवाना प्रांतागणिक.

अमेरिकेत परवाना राज्य देतं. सुरुवात १९०७ मध्ये वायोमिंगने केली. मान्यताप्राप्त पदवी, मग एफई (इंजिनिअरिंगच्या मूलभूत ज्ञानाची) परीक्षा, साधारण चार वर्षांचा अनुभव आणि शेवटी पीई (प्रोफेशनल इंजिनिअर) परीक्षा, असा नेहमीचा मार्ग. तरी तिथले बरेच इंजिनिअर आयुष्यभर परवान्याशिवाय काम करतात, कारण स्वतःच्या कंपनीच्या उत्पादनावर काम करणाऱ्यांना बहुतेक राज्यांत सूट आहे. लोकांच्या वापरातल्या इमारती-पुलांच्या आराखड्यावर सही-शिक्का मारायचा असेल तर मात्र परवाना हवाच. मला हे अगदी योग्य वाटतं. टेक्सासमध्ये १९३७ साली न्यू लंडनच्या शाळेत गॅसचा स्फोट होऊन सुमारे ३०० जण गेले, त्यात बहुतेक मुलं. त्याच वर्षी तिथे इंजिनिअरांच्या नोंदणीचा कायदा झाला.

एक गैरसमज फार दिसतो, तो वॉशिंग्टन कराराबद्दल. १९८९ च्या या कराराने सदस्य देशांतल्या मान्यताप्राप्त पदव्या एकमेकांच्या तोडीच्या मानल्या जातात, परवाना मिळत नाही. म्हणून परदेशी जायचं असेल तर ज्या राज्यात किंवा प्रांतात काम करणार, तिथल्या नियामक संस्थेच्या अटी आधी वाचा.