संगणकाच्या आज्ञांचे जपानी भाषांतर करताना कोणते शब्द निवडावेत?

इंग्रजी सॉफ्टवेअरच्या मेनूतील आज्ञा जपानीत नेताना कांजीत, म्हणजे चिनी मूळच्या चित्राक्षरांत, लिहिले जाणारे शब्द योजावेत की इंग्रजी शब्दच काताकाना या परकी शब्दांसाठीच्या लिपीत लिहावेत, असे आपण विचारले आहे. मी हेच काम करतो आणि माझे स्पष्ट मत आहे की, ही निवड भाषांतरकाराच्या आवडीवर सोडू नये; वापरणाऱ्याच्या नजरेला जो शब्द सरावलेला आहे, तोच द्यावा.

'सेव्ह'साठी 'होझोन' आणि 'डिलीट'साठी 'साकुजो' हे शब्द चांगलेच रूढ आहेत, तर 'कॉपी' काताकानात 'कोपी' म्हणूनच राहिला. खरी अडचण पुढे येते. 'कट' आणि 'पेस्ट' यांना विंडोजवर 'किरितोरि' आणि 'हारित्सुके' म्हणतात, मॅकवर मात्र 'कात्तो' आणि 'पेसुतो'. 'अनडू' विंडोजवर 'मोतो नि मोदोसु', म्हणजे पूर्ववत करणे, तर मॅकवर 'तोरिकेसु', म्हणजे रद्द करणे. त्यामुळे 'कॅन्सल'च्या बटणावर कोणी 'तोरिकेसु' लिहिले, तर मॅक वापरणाऱ्याला ते 'अनडू'चे वाटेल. तेथे 'क्यान्सेरु'च ठेवावे. म्हणून सॉफ्टवेअर कोणत्या प्रणालीवर चालणार आहे, हे आधी विचारून घ्या.

मराठी मेनूत आपण 'उघडा', 'जतन करा' असे आज्ञार्थी रूप वापरतो. जपानी मेनूत नाम किंवा 'हिराकु' (उघडणे) यासारखे क्रियापदाचे कोशातले रूप येते. संदेशांत मात्र 'साकुजो शिमासु का' (काढून टाकायचे का?) असे सौजन्याचे रूप हवे. हा प्रश्न नकारार्थी कधीही करू नये, कारण 'बदल जतन करायचे नाहीत का?' याला जपानी माणसाने दिलेल्या 'हाय' या होकाराचा अर्थ 'बरोबर, करायचे नाहीत' असा होतो. बटणांवर 'होझोन सुरु' (जतन करणे), 'होझोन शिनाइ' (जतन न करणे) अशी क्रियापदेच लिहिली, की घोटाळा उरत नाही.

संदेशात फाइलच्या नावासाठी रिकामी जागा असते, तेथे आपल्या विभक्तिप्रत्ययांसारखे काम करणारे 'ओ', 'नि' हे शब्द नावाला धक्का न लावता पुढे जोडता येतात. मराठीसारखे सामान्यरूप करावे लागत नाही. मात्र क्रियापद शेवटी जात असल्याने जागांचा क्रम बदलतो, म्हणून त्यांना क्रमांक देण्याचा आग्रह प्रोग्रामरकडे धरावा.

टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा अक्षरांत टंकण्याच्या खिडकीत, द्यायच्या आज्ञांना हात लावू नये. जपानी विंडोजवर फाइलच्या मार्गात बॅकस्लॅशच्या (\) जागी येन या जपानी चलनाचे चिन्ह (¥) दिसते, तेही चूक समजून बदलू नका. अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या जपानच्या 1969 च्या प्रमाणित संकेतावलीत बॅकस्लॅशच्या स्थानावर येनच आहे.