इंडोनेशियातला ‘इस्लाम नुसांतारा’ म्हणजे हिंदू चालीरीती मिसळून पातळ केलेला इस्लाम का?

मी कामानिमित्त मध्य जावातल्या सेमारांगला दोन वर्षं राहिलो. ‘इस्लाम नुसांतारा’, म्हणजे इंडोनेशियाच्या द्वीपसमूहातला, तिथल्या रूढी सांभाळणारा इस्लाम. तो पातळ केलेला आहे, असाच जाण्याआधी माझाही समज होता. तो मोडला शेजारच्या कुदुस गावात.

कुदुस हे नाव ‘अल-कुद्स’वरून, म्हणजे जेरुसलेमवरून आलेलं. जुन्या मशिदीचं नावही अल-अक्सा. पण तिचा मिनार लाल विटांचा, थेट मजापाहित या जावातल्या जुन्या हिंदू-बौद्ध साम्राज्याच्या काळातल्या देवळाच्या घडणीचा आणि वर छपराखाली मोठा ढोल. सोळाव्या शतकात सुनान कुदुस या इस्लामच्या प्रचारक संताने ही मशीद उभारली. शेजारच्या हिंदूंचं मन दुखावू नये म्हणून गाय कापू नका, असं ते सांगून गेले अशी तिथली श्रद्धा आहे. आज गावात हिंदू अगदी थोडे, तरी सोतोत (तिथला रस्सा) गाईऐवजी म्हशीचं मांस असतं आणि बकरी ईदला बरेच जण रेड्याची कुर्बानी देतात.

खानावळीच्या इबूंना (बाईंना) मी विचारलं, “गाय इथे हराम मानतात का?” त्या म्हणाल्या, “छे, हलालच आहे. पण नाही कापली म्हणून माझी नमाज कमी होते का?”

या बोलण्यामागे पक्कं धर्मशास्त्र आहे. शरियतच्या आड न येणाऱ्या रूढीला निवाड्यात स्थान द्यावं, हा फिक्हचा, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राचा, जुना नियम. पेसांत्रेनमध्ये, म्हणजे तिथल्या निवासी मदरशांत, मुलं अरबी ग्रंथाच्या ओळींखाली जावानी अर्थ लिहीत शिकतात. 1926 साली सुराबायात स्थापन झालेली नहदलातुल उलमा ही संघटना याच परंपरेतली. ‘इस्लाम नुसांतारा’ हे तिच्या 2015 च्या जोम्बांग अधिवेशनाचं सूत्र होतं. म्हणून ‘पातळ’ हा शब्द मला अन्यायाचा वाटतो. हे लोक अरबी ग्रंथ कसून शिकलेले आहेत.

पश्चिम सुमात्राच्या उलेमा परिषदेने 2018 मध्ये हे नाव नाकारलं. इस्लामला विशेषण कशाला, हा त्यांचा आक्षेप, आणि तो मला पोकळ वाटत नाही.

मात्र रूढींना सांभाळून घेणारे दर वेळी माणसांनाही सांभाळून घेतात, असं समजू नका. 2017 साली जकार्ताच्या ख्रिस्ती गव्हर्नरना धर्मनिंदेसाठी दोन वर्षांची कैद झाली. त्या खटल्यात त्यांच्याविरुद्ध साक्ष देणारे मारूफ अमीन तेव्हा नहदलातुल उलमाचेच सर्वोच्च धर्मगुरू होते. हे मला आजही सलतं.