लिनक्स मिंट २२ वर सॉफ्टवेअर एपीटीने घ्यावं, फ्लॅटपॅकने, ॲपइमेजने की स्नॅपने? एपीटीमधलं सगळं जुनंपुराणं असतं, तरी लोक त्यालाच का चिकटून बसतात?

आधी एपीटी, म्हणजे डिस्ट्रिब्यूशनच्या स्वतःच्या साठ्यातून (रिपॉझिटरीतून) सॉफ्टवेअर आणायची मिंटची नेहमीची पद्धत. तिथे नसेल, किंवा नव्या व्हर्जनमधली एखादी नेमकी सोय लागत असेल, तर फ्लॅटपॅक, म्हणजे कुठल्याही लिनक्सवर चालणारं, लागेल ते सोबत आणणारं पॅकेज. ॲपइमेज, म्हणजे एकाच फाइलमध्ये बांधलेलं ॲप, क्वचित. स्नॅप म्हणजे उबंटूवाल्यांचं फ्लॅटपॅकसारखंच पॅकेज; त्याच्या वाटेला मिंटवर जायचं कारण नाही, मिंटने २०२० पासून ते मुळातच बंद ठेवलंय. तुम्ही विचारलेल्या चार रस्त्यांचं उत्तर एवढंच आहे आणि ते तुम्हाला कुठेही मिळालं असतं. मी लिहायला बसले ती तुमच्या शेवटच्या ओळीमुळे: ‘एपीटीमधलं सगळं जुनंपुराणं असतं, तरी लोक त्यालाच का चिकटून बसतात?’

हेच वाक्य माझे धाकटे दीर मला जेवताना ऐकवत आलेत. तेव्हा चिकटून बसलेल्यांपैकी एक म्हणून सांगते.

ठाण्यात कोर्ट नाक्याजवळ माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, नोटिसा, भाडेकरार, वकिलांचे अर्ज, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर. दुकानातली सगळी मशीनं जुनी, चार जीबी रॅमची, आणि सगळी मिंटवर. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला, विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप हवी, म्हणून आजूबाजूच्यांनी चांगली चालती मशीनं बदलायला काढली. मला एक रुपया खर्च आला नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

दीर ऐरोलीला आयटी पार्कात असतात. दिवसभर सर्व्हर आणि कंटेनर. हुशार माणूस, त्यांच्या कामाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण एका लग्नासाठी मी कराडला गेले असताना ह्यांनी दुकानाची किल्ली त्यांना दिली, आणि भावोजींनी रविवारी बसून काउंटरचं मशीन ‘मॉडर्न’ करून ठेवलं. मिंट पुसलं, दुसरं डिस्ट्रिब्यूशन (लिनक्सचा दुसरा प्रकार) टाकलं, आणि ऑफिस, ब्राउझर, पीडीएफ जोडायचं ॲप, सगळं स्नॅपमधून घेतलं, म्हणजे प्रत्येक ॲप सँडबॉक्समध्ये, बाकी मशीनपासून वेगळ्या कोंडलेल्या खोलीत. दिसायला सुंदर. व्हर्जन सगळी ताजी.

सोमवारी सकाळी, कोर्ट बसायच्या आधीच्या त्या तासात, एका वकिलांचा ज्युनिअर पेन ड्राइव्ह घेऊन आला. अर्जात दोन परिच्छेद बदलायचे, प्रिंट काढायची आणि पळायचं. माझ्याकडची मुलगी ऑफिसमधून फाइल उघडायला गेली तर तिथे पेन ड्राइव्हच नाही. फाइल मॅनेजरमध्ये दिसतोय, ऑफिसमध्ये नाही. तिने काढून परत लावला, दुसऱ्या पोर्टला लावला. ज्युनिअरला वाटलं पेन ड्राइव्ह गेला, तो घामाघूम. तेवढ्यात तिने फाइल डेस्कटॉपवर कॉपी करून तिथून उघडली, मुलगी डोक्याने चलाख आहे. पण मग मराठी उमटेना. टेक्स्ट एडिटरमध्ये इनस्क्रिप्ट व्यवस्थित, आणि ऑफिसमध्ये तीच बटणं दाबली की इंग्रजी अक्षरं. शेवटी तिने परिच्छेद एडिटरमध्ये टाइप केले, तिथून उचलून अर्जात चिकटवले आणि प्रिंट दिली. तोवर रांगेतली बाकीची माणसं शेजारच्या दुकानात गेली होती.

मी दुपारी कराडहून थेट दुकानात आले आणि मशीनपुढे बसले. पेन ड्राइव्हचं कारण लगेच सापडलं. सँडबॉक्समधल्या ॲपला बाहेरचं काय दिसावं हे परवानगीवर ठरतं, आणि स्नॅपमध्ये बाहेरून लावलेल्या ड्राइव्हची परवानगी बहुतेक ॲपना आपोआप मिळत नाही. ‘स्नॅप कनेक्ट’ लिहून पुढे ॲपचं नाव आणि ‘रिमूव्हेबल-मीडिया’ जोडलं की मिळते. मराठीचं दुखणं वेगळं होतं. आपला कीबोर्ड चालवतं ते आयबस, आणि त्याच्याशी बोलणारा तुकडा त्या पॅकेजच्या आत नीट बसलेला नव्हता. पॅकेज बांधणाऱ्याने मराठीत एक ओळ टाइप करून बघितली असती तर कळलं असतं.

रात्री जेवताना भावोजी म्हणाले, “वहिनी, एका कमांडचं काम होतं. तुम्हाला सापडली ना?”

मी म्हटलं, “मला सापडली. काउंटरवरच्या मुलीला सापडायची नव्हती, आणि कोर्ट तिच्यासाठी थांबत नाही.”

मग त्यांनी हुकमी पत्ता काढला: जुनी व्हर्जन म्हणजे सिक्युरिटीचा धोका. हे मात्र नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नातही तोच समज आहे. मिंट उबंटूवर उभं आहे आणि उबंटू डेबियनवर. डेबियन किंवा उबंटूच्या स्थिर आवृत्तीत व्हर्जनचा आकडा गोठवलेला असतो, दुरुस्त्या गोठवलेल्या नसतात. नव्या व्हर्जनमध्ये सुरक्षेची जी दुरुस्ती आली ती मागे आणून जुन्या व्हर्जनला लावतात. डेबियनमध्ये पॅकेजच्या नंबरामागे ‘डेब१२यू३’ असं काहीतरी शेपूट लटकलेलं दिसतं ना, ते त्याचंच. आकडा बघून ‘जुनं’ म्हणणारा माणूस ते शेपूट वाचत नाही.

आणि नवीन म्हणजे सुरक्षित, याला उत्तर मार्च २०२४ मध्ये मिळालंय. एक्सझेड नावाचं फाइल दाबायचं छोटं साधन, जवळपास प्रत्येक लिनक्सवर असतं. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या दोन ताज्या व्हर्जनमध्ये कोणीतरी चोरदार बसवलं होतं, तेही आधी दोनेक वर्षं त्या प्रकल्पात गोडीगुलाबीने काम करून विश्वास कमावल्यावर. पकडलं अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या इंजिनिअरने, एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर दुरून शिरायच्या साधनाने) लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून खोदत गेला तेव्हा. ती व्हर्जन कोणाकडे पोचली होती? नवं आधी घेणाऱ्यांकडे: डेबियन टेस्टिंग, अनस्टेबल, फेडोराच्या येऊ घातलेल्या आवृत्त्या, ओपनसुसे टंबलवीड. डेबियन स्टेबलवाल्यांकडे नाही, उबंटूच्या प्रसिद्ध झालेल्या आवृत्त्यांत नाही. ‘जुनंपुराणं’ वापरणारे त्या रात्री निवांत झोपले. भावोजींना ही बातमी मीच वाचून दाखवली.

सँडबॉक्सबद्दलही स्पष्ट बोलते. फ्लॅटहब या फ्लॅटपॅकच्या मुख्य साठ्यावरच्या कित्येक ॲपना पूर्ण होम फोल्डरची परवानगी दिलेली असते. मग सँडबॉक्स उरला कुठे? फ्लॅटसील नावाचं ॲप टाका आणि कोणाला काय दिलंय ते एकदा डोळ्यांनी बघा. शिवाय पॅकेज कोणी बांधलंय तेही बघा. फ्लॅटहबवर निळी टिक म्हणजे मूळ डेव्हलपरचं, नसेल तर तिसऱ्याच कोणीतरी बांधलेलं. मिंट २२ तर टिक नसलेली पॅकेजं दाखवतच नाही, जोवर तुम्ही स्वतः सेटिंग बदलत नाही. हे त्यांनी चांगलं केलं.

जागेचंही बघा. फ्लॅटपॅकमधलं पहिलं ॲप घेतलं की त्यासोबत शेकडो एमबीचा रनटाइम (ॲप चालायला लागणारा पाया) उतरतो. पुढची ॲप तोच वापरतात, पण सगळी नाही; एक ग्नोम डेस्कटॉपचा मागतं, दुसरं केडीई डेस्कटॉपचा, तिसऱ्याला त्याचीच जुनी आवृत्ती हवी असते. लग्नाला आलेल्या प्रत्येक पाहुण्याने आपापला आचारी आणि भांडी सोबत आणावीत, तसं. मोठ्या डिस्कवर चालून जातं, माझ्या मशीनवर नाही.

बाकीचे रस्ते झटपट. कंपनीच्या साइटवरून उतरवलेली डेब फाइल (एपीटी वापरतं त्याच प्रकारचं पॅकेज) चालते, पण ती स्वतःची रिपॉझिटरी जोडते का ते बघा. जोडत नसेल तर अपडेट तुम्हीच आठवणीने करायचे, आणि कोणी करत नाही. पीपीए (उबंटूसाठी कोणीही उभारलेल्या बाहेरच्या रिपॉझिटरी) शक्यतो नको, सिस्टिमचीच पॅकेजं बदलून बसतात आणि पुढच्या मोठ्या अपग्रेडला रडवतात. ॲपइमेज एकदाच लागणाऱ्या गोष्टीला बरी. ती चालत नसेल तर ‘फ्यूज’ नावाचं पॅकेज चुकूनही टाकू नका, उबंटू २२.०४ पासून पुढे ते डेस्कटॉपचे भाग उखडू शकतं. हवं असतं ते ‘लिबफ्यूज२’, आणि २४.०४ वर, म्हणजे तुमच्या मिंट २२ वरही, त्याचं नाव ‘लिबफ्यूज२टी६४’. इंटरनेटवरची स्क्रिप्ट थेट बॅशला (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला) जोडून चालवा असं कोणी सांगितलं तर ते सॉफ्टवेअर सोडून द्या. उबंटूवर असतात तर अजून एक सांगितलं असतं: तिथे २२.०४ पासून फायरफॉक्स एपीटीने मागितला तरी हातात स्नॅपच पडतो. डेब हवा असेल तर मोझिलाची स्वतःची एपीटी रिपॉझिटरी आहे. मिंटमध्ये तो साधा डेबच आहे.

डिजिटल सहीचं टोकन लावून काम करणार असाल तर ब्राउझर एपीटीमधूनच घ्या. टोकनचं मॉड्यूल सिस्टिमच्या फोल्डरमध्ये बसतं आणि सँडबॉक्समधल्या ब्राउझरचं तिथवर पोचताना बहुधा अडतं. कर सल्लागार आणि ई-टेंडरवाले इथेच फसतात आणि दोष लिनक्सला देतात.

आता दुसरी बाजू, कारण भावोजी हे वाचणार आणि मी अर्धंच लिहिलं म्हणणार. उबंटूच्या रिपॉझिटरीत ‘मेन’ आणि ‘युनिव्हर्स’ असे भाग आहेत. सुरक्षेच्या दुरुस्त्यांची पक्की हमी ‘मेन’ला, ‘युनिव्हर्स’ बरंचसं स्वयंसेवकांच्या भरवशावर. मिंट उबंटूवर उभं आहे, म्हणजे हे तुम्हालाही लागू. त्यामुळे दुरुस्त्या मागे आणून लावण्याबद्दल मी वर जे म्हटलं ते ‘युनिव्हर्स’मधल्या प्रत्येक पॅकेजला तितक्याच ठामपणे म्हणता येत नाही. दुसरं, डिस्ट्रिब्यूशनने बांधलेलं पॅकेज नेहमीच चांगलं असं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ओबीएस स्टुडिओ या स्क्रीन रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरच्या लोकांनी फेडोरा या डिस्ट्रिब्यूशनला ठणकावलं होतं की तुम्ही बांधलेलं आमचं फ्लॅटपॅक मोडकं आहे आणि शिव्या आम्हाला पडतात. तिथे फ्लॅटहबवरचं, ओबीएसने स्वतः दिलेलंच बरोबर होतं. गेमिंगवाल्यांना आणि व्हिडिओवाल्यांना खरंच नवीन लागतं, त्यांनी फ्लॅटपॅक बिनधास्त वापरावं. मिंटचा अपडेट मॅनेजर फ्लॅटपॅकही अपडेट करतो, वेगळं काही करावं लागत नाही.

पण घरातलं किंवा दुकानातलं मशीन दुसरं कोणी वापरत असेल, तर त्याला न विचारता त्याच्या ॲपचा मार्ग बदलू नका. हे मी भावोजींना तेव्हाही सांगितलं, आजही सांगते. मशीनवर आठ तास बसणारी व्यक्ती ठरवेल.

तुम्हाला नेमकी कोणती सॉफ्टवेअर हवीत ते प्रश्नात लिहिलं नाहीत. लिब्रेऑफिस, व्हीएलसी, इंकस्केप, प्रिंटर-स्कॅनरचं सगळं, हे एपीटीतून. फोटो सुधारायच्या जिंपची तिसरी आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली, मिंट २२ च्या एपीटीत अजून २.१० च आहे. तिसरीच हवी असेल तर फ्लॅटहबवरून घ्या. व्हिडिओ संपादनाचं केडेनलाइव्ह आणि ओबीएसही तिथूनच.