चॅट्सवर्थ हाउसला एकच दिवस आहे, आधी घर पाहावे की बाग?

माझे मत विचाराल तर आधी घर, पण तिथेच दुपार घालवू नका. इंग्लंडच्या डर्बीशरमधला हा वाडा डेव्हनशरच्या ड्यूकांचा, म्हणजे कॅव्हेंडिश घराण्याचा. रंगवलेली छते, चित्रे, शिल्पे सगळे सुंदर आहे, पण दोनेक तासांत नीट पाहून होते. बाग मात्र शंभर एकरांहून मोठी आहे आणि खरी गोष्ट तिथे आहे.

ती गोष्ट जोसेफ पॅक्सटन या माळ्याची. रशियाचा झार येणार म्हणून त्याने १८४४ मध्ये एम्परर कारंजे उभारले. पंप नाही, काही नाही. वरच्या डोंगरावर तळे खोदले, तिथून पाइपने पाणी खाली आणले आणि केवळ उताराच्या दाबावर ते जवळपास ९० मीटर उंच उडवले! झार आलाच नाही. कारंजे मात्र राहिले. पाणी कमी असेल तर ते बंद ठेवतात, म्हणून उडताना दिसले की तिथेच थांबा, पुढचे नंतर बघा.

पॅक्सटनने बांधलेले प्रचंड काचघर १९२० मध्ये पाडले. त्या जागी आता झुडपांच्या कुंपणांचा भुलभुलैया आहे. आणि हो, जगभर विकली जाणारी कॅव्हेंडिश केळी याच घराण्याच्या नावाची, पॅक्सटनने ती इथेच वाढवली होती. पुढे लंडनचा क्रिस्टल पॅलेस, म्हणजे काच-लोखंडाचा प्रचंड प्रदर्शन-महालही त्यानेच उभारला.

पायात चांगले बूट घाला, चढ बराच आहे.